ही बाजू वर

ओश, ८ ऑगस्ट २००३

बातमा एजे,

तुझी चिठ्ठी मिळाली. नऊ वर्षांत तू मला लिहिलेल्या ओळी मोजल्या तर पाच भरतात, आणि त्या पाचही या एका चिठ्ठीत आहेत. वर 'प्रिय सीरगा' तरी लिहायचंस. मला नाही, निदान कागदाला बरं वाटलं असतं. सख्ख्या धाकट्या बहिणीला कुणी असं लिहितं का? मी बाजारात लोकरीचे नमदे विकते, तर मला नमदे मागवणारे व्यापारीसुद्धा आधी तब्येत विचारतात.

मजकूर कळला. परदेशातल्या कुठल्याशा इस्पितळानं तुझ्या दवाखान्याला सोनोग्राफीचं मशीन दिलंय, ते ओशपर्यंत येऊन इथल्या गोदामात पडलंय, पुढे मुर्गाबला चढवायची जबाबदारी कुणाचीच नाही, आणि बर्फ पडायच्या आत ते वर यायला हवं. हे सगळं चार ओळींत. पाचवी ओळ अशी : 'बांधायला जाणता माणूस बघ, तू बांधू नकोस.' पाचवीखाली तू रेघ मारली आहेस. पट्टी घेऊन मारलीस, दिसतंय.

आज गोदामात जाऊन आले. एक लोखंडी कपाट, त्यावर टीव्हीसारखा काचेचा पडदा, खाली चार चाकं आणि पोटावर फिरवायचे तीन दांडे, वायरींना लोंबणारे. वजन एकशे दहा किलो. गोदामवाल्याला सांगितलं कुठे न्यायचंय, तर मलाच ताईसारखं 'एजे' करत म्हणाला, "मुर्गाब? चारशे किलोमीटर, त्या रस्त्यानं? एजे, इथंच फोडा. तुकडे न्यायला सोपे जातील."

तुला आता ते ईसीजीचं मशीन आठवत असणार. मला माहीत आहे. पण त्याला नऊ वर्षं झाली, आणि तेव्हा मला ताप होता हे मी तेव्हाच कळवलं होतं. ताप नसता तर ठरल्याप्रमाणे मी ते मांडीवर घेऊन आले असते. ड्रायव्हरनं ते कलिंगडांवर ठेवलं यात माझा काय दोष? कलिंगडं तरी कुठे वाचली?

आणखी एक. मीरगुलला दिवस गेलेत, ऑक्टोबरअखेर बाळ होणार, हे मला तुझ्या ड्रायव्हरनं, शेरमामातनं सांगितलं. चाकात हवा भरता भरता. माझ्या एकुलत्या एका भाचीची बातमी! मी आनंदानं रडले ते त्या चाकापाशी. त्यानंच हेही सांगितलं, की मागच्या हिवाळ्यात तुझ्याकडे एक बाई बाळंतपणात गेली. मूल आडवं होतं आणि ते कळलं तेव्हा उशीर झाला होता. हे तू लिहिलं नाहीस. रेघ मात्र मारलीस.

मशीन येईल. पाचवी ओळ मी वाचलेली नाही असं समज.

सीरगा

ओश, २१ ऑगस्ट

बातमा एजे,

वाचली. घे. जाणता माणूस शोधला.

नाव हारिस आका. तातार, वय चौऱ्याहत्तर. इथल्या मोजमापाच्या यंत्रांच्या कारखान्यात एकतीस वर्षं बांधणी खात्यात होते. कारखाना बंद पडला, पण हारिस आका अजून खिशात फूटपट्टी घेऊन फिरतात. त्यांना गोदामात नेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या, पाठीवर बोटानं टकटक केलं, तू पेशंटच्या छातीवर करतेस तसं.

"कुठे पाठवायचंय?"

"मुर्गाबला."

"का? काय गुन्हा केलाय यानं?"

मग त्यांनी मला धडे द्यायला सुरुवात केली. चाकं काढायची, कारण चाकावर उभी असलेली वस्तू कायम निघायच्या बेतात असते. दांडे वेगळे काढून माणसाच्या अंगावर न्यायचे. मशीन एका खोक्यात, ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात, आणि दोन्हींच्या मध्ये चहूबाजूंनी चार बोटं नमदा. आणि खिळा एकही नाही! खिळ्यावर मारलेला प्रत्येक घाव आतल्या काचेला बसतो, म्हणून सगळे स्क्रू. "सामानाला आपण प्रवासात आहोत हे कळता कामा नये," म्हणाले. "हलायला नको आणि दबायलाही नको. नव्या सुनेला ठेवतात तसं नाही, माहेरी आलेल्या लेकीला ठेवतात तसं ठेव."

मी म्हटलं, "आका, एवढा नमदा कापण्यापेक्षा ट्रकच्या जुन्या ट्यूबा फुगवून घातल्या तर?"

"हवा आजवर कुणाची झाली आहे?" म्हणाले, आणि विषय संपला. कारण सांगत नाहीत, तुझ्यासारखेच.

आधी रंगीत तालीम व्हायला हवी असं त्यांचं म्हणणं पडलं. तालमीला काचेचं आणि जड असं काहीतरी हवं, म्हणून माझा टीव्ही घेतला. दुकानातले नवेकोरे, जाडजूड नमदे घालून बांधला आणि अंगणातल्या ओट्यावरून खाली ढकलला. तालीम चांगली झाली. "बरंच शिकायला मिळालं," असं हारिस आका म्हणाले.

मीरगुलला म्हणावं, खारट चहा कमी पी. नाही, तू डॉक्टर आहेस, तुला मी काय सांगणार. पण म्हणावं.

सीरगा

ओश, ४ सप्टेंबर

बातमा एजे,

शेरमामात तुझा तोंडी निरोप घेऊन आला. निरोपात दोनच शब्द : "टीव्ही चालतो?"

तू फार दुष्ट बाई आहेस. नाही चालत. ओट्यावरून पडला तेव्हा आतून असा आवाज आला, जणू कुणी चमच्यांचा खण उपटून ओतला. दोष नव्या नमद्याचा. नवा नमदा फुगलेला असतो, वजन पडलं की बसतो, आणि तो बसला की आतल्या वस्तूला नाचायला जागा होते. माणसं ज्यावर वर्षानुवर्षं बसली-उठली आहेत असा जुना, घट्ट झालेला नमदा लागतो. तसा शेजारणीकडे मिळाला. तिच्याकडे पडूनच होता. जास्त विचारू नकोस.

दुसऱ्या तालमीला हारिस आकांनी स्वतःचा टीव्ही काढून दिला. तो वाचला! बांधून, ढकलून, उघडून, वायर लावली तर बातम्यांमधला माणूस ठणठणीत. आता मी रोज त्यांच्याकडेच मालिका बघायला जाते. त्यांच्या बायकोला हे फारसं आवडलेलं नाही.

खोकं तयार झालंय. पॉप्लरच्या दीड इंची फळ्या. आत त्यांनी एक गंमत बसवली आहे. काडेपेटीएवढी एक डबी, तिच्या आतून काजळी फासलेली, आणि मधोमध दोऱ्याला टांगलेला एक छोटा नट. ट्रकनं जोरात गचका खाल्ला की नट बाजूला आपटतो आणि काजळीत ठिपका उमटतो. उघडून ठिपके मोजायचे, म्हणजे ड्रायव्हर कसा चालवत होता ते कळतं. तिचं नाव 'चुगलखोर'. शेरमामातला ती दाखवली तर त्याचा चेहरा पडला. "तेवीस वर्षं या रस्त्यावर आहे मी," म्हणाला. "माझ्यावर माझ्या सासूनंसुद्धा डबी नव्हती बसवली."

बाहेरून मी लाल रंगात तीन भाषांत 'ही बाजू वर' लिहिलं आणि बाण काढले. हारिस आका म्हणाले, हमाल बाण वाचत नाहीत, ग्लास काढ. नाजूक मालावर ग्लासाचं चित्र काढायची रीत आहे म्हणे. काढलं. गोदामातले चार हमाल ते बघून एकमेकांना काहीतरी बोलले आणि धावत आले. इतक्या मायेनं त्यांनी ते उचललं, इतक्या अलगद ट्रकमध्ये ठेवलं, की माझे डोळे भरून आले. नंतर कळलं, त्यांना वाटलं आत व्होडका आहे.

आणि ऐक. मी सोबत येतेय. ट्रकमध्ये, खोक्याबरोबर. तू बोलावलेलं नाहीस, मला माहीत आहे. मशीनलाही तू बोलावलं नव्हतंस, पाठवलं म्हणून येतंय.

सीरगा

सारी-ताश, १२ सप्टेंबर

बातमा एजे,

हे पत्र एका जीपवाल्याबरोबर पुढे पाठवतेय. जीप उद्या पोचेल. आम्ही कधी पोचू ते शेरमामातला विचार, आणि शेरमामात चुगलखोराला विचारेल.

ताशी पंधरा किलोमीटर. ओशपासून इथवर दोन दिवस लागले. घाटात मेंढ्यांचा एक कळप आमच्या मागून आला आणि आम्हाला ओलांडून पुढे गेला. मेंढपाळानं शेरमामातला विचारलं, "काका, ओढू का?" तेव्हापासून शेरमामात माझ्याशी बोलत नाही. खड्डा आला की थांबतो, उतरतो, खड्ड्याकडे बघतो, मग डबीच्या दिशेनं हात जोडतो आणि चाक आत घालतो.

तीन दांडे माझ्या पोटावर शालीत बांधलेत. ताल्दिक खिंडीपाशी चहाच्या टपरीवरच्या बाईनं माझ्याकडे बघितलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, आणि न मागता दुप्पट लोणी घातलं चहात. मी तो पिऊन टाकला. लोणी चांगलं होतं.

एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. नमदा सगळीकडे पुरला नाही. म्हणजे पुरला असता, पण शेवटचा तुकडा कापायला माझा हात धजेना, तो तसाच सोबत घेतलाय. म्हणून तळाशी मी माझ्या अकलेनं चार ट्यूबा घातल्यात, हारिस आका जेवायला गेले होते तेव्हा. अगदी झकास बसल्यात. काळजी करू नकोस.

सीरगा

काराकुल, १५ सप्टेंबर

एजे,

काळजी करायला हवी होती.

खाली ओशमध्ये फुगवलेली ट्यूब वर खिंडीत नेली की काय होतं, हे तुला माहीत असणार, तू शिकलेली आहेस. हारिस आकांनाही माहीत होतं. मला किझिल-आर्टच्या चढावर कळलं. वर हवा विरळ, त्यामुळे आतली हवा पसरते. ट्यूबा फुगायला लागल्या. आम्हाला आधी नुसता आवाज आला, फळ्या कण्हल्यासारखा. शेरमामातनं ट्रक थांबवला. मागे जाऊन बघतो तर खोक्याच्या बाजू बाहेर आलेल्या. झाकण मधोमध वर उचललेलं. आमच्या डोळ्यांदेखत आणखी उचललं गेलं.

"एजे," शेरमामात हळूच म्हणाला, "याला दिवस गेलेत."

मी त्याला गप्प केलं. पण खरं सांगते, तसंच दिसत होतं. मशीन आतमध्ये झाकणाला भिडलं असतं तर पडदा गेला असता. चोवीस स्क्रू. वारा असा, की एक स्क्रू काढला की बोटं तोंडात घालून गरम करायची, मग दुसरा. शेरमामात झाकणावर पोट टेकून पडला, ते एकदम उडू नये म्हणून, आणि जेवढ्या प्रार्थना येत होत्या तेवढ्या म्हणत होता. अठरावा स्क्रू निघाला आणि एक ट्यूब फुटली.

सीमेवरची चौकी तिथून दोनशे पावलांवर. आवाज झाला तसे सगळे शिपाई जमिनीवर आडवे. मग त्यांचा कप्तान रांगत आला, बंदूक रोखून. "काय फोडलंत?"

मी म्हटलं, "हवा."

"खोक्यात काय आहे?"

"माणसाच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारं मशीन. मुर्गाबच्या दवाखान्याचं."

तो उठला, गुडघे झटकले, बंदूक खांद्याला अडकवली. "माझ्या मूत्रपिंडात खडा आहे, असं एक जण म्हणतो," तो म्हणाला. "दुसरा म्हणतो गॅस आहे. आत्ता बघता येईल?" त्याला समजावताना मला तोंडाला फेस आला. शेवटी त्याचं नाव लिहून घेतलंय. सोमवारी तो येईल तुझ्याकडे, त्याला नंबर दे. त्याच्या बदल्यात त्याच्या चार शिपायांनी खोकं धरून ठेवलं, मी हात घालून उरलेल्या तीन ट्यूबांची हवा थोडीथोडी सोडली, आणि फुटलेल्या ट्यूबच्या जागी तो राहिलेला नमद्याचा तुकडा कापून घातला. कापावा लागलाच.

मशीनला काही झालेलं नाही. पडद्यावर साधा चरासुद्धा नाही. डबीत एकच ठिपका आहे, तो ट्यूब फुटल्याचा. शेरमामातनं तो मला तीनदा दाखवला.

झाकण उचललं जात होतं ना एजे, तेव्हा माझ्या मनात एकच आलं, की हे फुटलं तर मला परत मुर्गाबला तोंड दाखवता येणार नाही. मग आठवलं, तसं मी नऊ वर्षांत दाखवलेलंच नाही. म्हणून आता एकदाच सांगून टाकते. तेव्हा मला ताप नव्हता. त्या शनिवारी माझं सातारशी लग्न होतं. तुला मी लग्न सप्टेंबरात झालं असं कळवलं. ऑगस्टात झालं. जेझ्दे जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. तुझा नवरा गेलेला आणि मी लग्नाला बसलेय, हे तुला कोणत्या तोंडानं सांगायचं, म्हणून ताप. मशीन गोधडीत गुंडाळलं आणि पहिला दिसला त्या ट्रकवर चढवलं, आणि मेंदी लावायला गेले. ते लग्न किती टिकलं ते तुला माहीत आहे. कलिंगडं थोडी जास्त टिकली असतील.

उद्या आक-बायताल खिंड. हवा आणखी सोडून ठेवली आहे.

सीरगा

मुर्गाब, तुझं स्वयंपाकघर, २० सप्टेंबर

एजे,

तू दवाखान्यात, मी तुझ्या चुलीपाशी, मध्ये शंभर पावलं, आणि मी पत्र लिहितेय. हसू नकोस. समोरासमोर आपण चार दिवसांत जेवढं बोललो त्यातलं निम्मं ओरडून बोललो. कागदावर तुला मला तोडता येत नाही.

आल्या दिवशी मला वाटलं होतं, मशीन बघायला अख्खं गाव लोटेल. गाव लोटलं, पण खोक्यासाठी! जिथे एक झाड नाही तिथे दीड इंची पॉप्लर म्हणजे काय, हे मी ओशमध्ये राहून विसरले होते. मशीन अजून आतच होतं आणि बाहेर दोन म्हातारे कुठली फळी कुणाच्या दाराला, यावरून भांडत होते. शाळेचा मास्तर ग्लासाचं चित्र असलेली फळी घेऊन गेला. वर्गात लावणार म्हणाला, नाजूक काय असतं ते मुलांना कळायला हवं.

आणि मग तू नमदा ओळखलास.

लाल शिंगांची नक्षी तू लांबूनच बघितली असणार. "शेजारीण?" एवढंच म्हणालीस. हो, एजे, तो आईचाच शिर्दाक. ज्याच्यावर आपण दोघी जन्मलो तो. मी सोळा तुकडे केले त्याचे. हारिस आकांनी माझ्या दुकानातले सगळे नमदे हातानं दाबून बघितले आणि एकही पसंत केला नाही. मग घरात पाय ठेवला आणि थेट त्यावर जाऊन बसले. "हा," म्हणाले. कापताना मी रडले की नाही ते त्यांना विचार. तू सगळ्यांसमोर मला काय काय बोललीस ते आता पुन्हा लिहीत नाही. शेरमामात ट्रकखाली शिरला होता, ट्रकला काहीही झालेलं नसताना.

मग मशीन सुरू झालं. तू हात पुसलेस, पहिल्यांदा मीरगुलच्या पोटावर दांडा फिरवलास, आणि पडदा उजळला. मी दारात होते. मला त्यात काही कळलं नाही, नुसतं धुकं, पण तुझा चेहरा कळला. मूल बसलेलं. डोकं वर, बूड खाली, आरामखुर्चीत बसावं तसं. आणि वळायला जागा थोडी.

त्या दिवशी चहा करताना मी म्हटलं, "ते ईसीजीचं मशीन फुटलं नसतं तर तू..."

"मशीन गेलं खड्ड्यात," तू म्हणालीस. "तुझ्या लग्नात पुलाव खाऊन आलेला ड्रायव्हर होता तो. त्यानं आल्या आल्या सांगितलं मला. तापाचं मला तेव्हाच माहीत होतं."

"मग नऊ वर्षं कशाचा राग?"

तू पीठ मळत होतीस. थांबली नाहीस. "तू येणार होतीस. मी घरात नव्या गादीची खोळ शिवली होती. दोन दिवस रस्त्यावर उभी होते मी, सीरगा. प्रत्येक ट्रकला हात केला. लोकांना वाटलं, नवरा गेल्यापासून हिचं डोकं फिरलं."

मी परातीतलं निम्मं पीठ माझ्याकडे ओढलं आणि मळायला लागले.

आता मुद्द्याचं. मूल असंच राहिलं तर इथे बाळंतपण करायचं नाही, खोरोगला सर्जन आहे तिथे न्यायचं, आणि कळा सुरू व्हायच्या आधी, हे तू मीरगुलला सांगताना मी ऐकलं. जावई रशियात बांधकामावर. तू जाऊ शकत नाहीस, तुझ्याकडे आणखी दोघी याच तारखांच्या आहेत आणि अख्ख्या जिल्ह्यात दुसरा डॉक्टर नाही. तू कुणाचं नाव घेतलं नाहीस. नुसती खिडकीबाहेर बघत बसलीस.

मी नेते तिला.

तोंडानं विचारायचा धीर नाही, म्हणून हे चहाच्या डब्याखाली ठेवतेय. हो असेल तर काही बोलू नकोस. नाही असेल तर बोल.

सीरगा

खोरोग, १४ ऑक्टोबर

बातमा एजे,

शेरमामात निघालाय, त्यामुळे आधी बातमी : मुलगी झाली. काल सकाळी. दोन किलो नऊशे ग्रॅम. मीरगुल ठीक आहे, टाके दुखतात म्हणून माझ्यावर खेकसते, म्हणजे खरंच ठीक आहे. सर्जननं सांगितलं, नाळेचा एक वेढा मानेला होता. इथे आणलं ते बरं केलंत, म्हणाला. मी म्हटलं, माझ्या बहिणीनं आधीच बघितलं होतं.

आता सविस्तर. तू दोन दिवस काहीच बोलली नाहीस. नियमाप्रमाणे तो हो झाला. पण तू तशीही कधी बोलत नाहीस, त्यामुळे हा होकार आहे की नेहमीचं, हे मला कळेना. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर जीप दारात, मागचं बाक काढलेलं, आणि तू आत गुडघ्यांवर बसून आईच्या शिर्दाकचे तुकडे मोठ्या दाभणानं एकमेकांना शिवत होतीस. टाके कसले भयंकर! ऑपरेशन करताना तरी याहून बारीक घालत असशील अशी आशा आहे.

पंधरा दिवसांनी निघताना तू जीपच्या दाराची मूठ धरून उभी राहिलीस. शेरमामातनं गाडी सुरू केली. तू मूठ सोडेनास. तो म्हणाला, "डॉक्टर एजे, दार सोडा, नाहीतर तुम्हालाही न्यावं लागेल." मला वाटलं आता तू काहीतरी बोलशील. तू शेरमामातला म्हणालीस, "डबी लावली आहेस का?"

होती लावलेली. त्यानं स्वतःहून.

आलिचूरपर्यंत मीरगुल गात होती. कोय-तेझेकच्या चढावर गाणं थांबलं आणि तिनं माझा हात धरला, आणि तिचं पोट कडक झालं. मी घड्याळ बघितलं. दहा मिनिटांनी पुन्हा. शेरमामातनं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी त्याला सांगितलं, रस्त्याकडे बघ, माझ्याकडे बघून काय मिळणार आहे. तू सांगितलं होतंस तसं तिला डाव्या कुशीवर केलं, पाणी पाजलं, आणि बोलत राहिले. काय बोलले आठवत नाही. मीरगुल म्हणते, मी तिला चमच्यांपासून सुरुवात करून माझ्या टीव्हीची सबंध गोष्ट सांगितली आणि ती हसता हसता रडली. तिसऱ्यांदा काही आलं नाही. खिंड उतरली, हवा जड झाली, ती झोपली. मी मात्र खोरोग येईपर्यंत एकदाही पाठ टेकली नाही. तुला भित्री बहीण आहे, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

सर्जनशी मोडक्या रशियनमध्ये जमतं, पण वॉर्डात कुणाला किर्गिझ येत नाही आणि मला त्यांची भाषा येत नाही. नर्सला गरम पाणी हवंय हे सांगायला मी काल चहाची किटली होऊन दाखवलं. वॉर्डातल्या सगळ्या बायका आता मला बघितल्या बघितल्या हसतात. एकीनं मला तुतीचं पीठ दिलंय, गोड, सुक्या दह्याच्या कुरुताबरोबर खाल्लं तर बरं लागतं. दुकान हारिस आकांची बायको बघेल. मी रोज मालिका बघायला येणार नाही, या आनंदात ती काहीही करेल.

चाळीस दिवस इथेच राहा असं सर्जन म्हणतो. तोवर तुझ्या खिंडीत बर्फ असेल. रस्ता असला तर आम्ही तिघी वर येऊ. नाहीतर बर्फाआधी, तुझ्या त्या दोघी बाळंत झाल्या की तूच खाली ये. या वेळी रस्त्यावर मी उभी राहीन. इथे ट्रक कमी येतात, हात दुखणार नाहीत.

नाव तू ठेवायचंस असं मीरगुलचं म्हणणं. मी सुचवलेली सहा नावं तिनं नाकारली.

मुलगी काळी-सावळी आहे, डोक्यावर केस भरपूर. रडत नाही. दूध हवं असलं तरी रडत नाही, नुसती भुवया आवळून आपल्याकडे बघत राहते, आपली चूक आपल्या लक्षात येईपर्यंत. मीरगुल म्हणते बापावर गेली आहे. मी म्हटलं, पट्टी घेऊन रेघा मारायला लागली की बघू.

सीरगा